टक्क्याच्या आधी व्याख्या
(लेखमाला : सॉफ्टवेअरची कागदपत्रे – लेखांक 6)

मागच्या लेखात आपण फनेल पाहिला. ॲप उघडल्यापासून पैसे भरेपर्यंत माणसे कुठल्या पायरीवर गळतात, ते त्यातून कळते. जी टिकली ती पुढे किती काळ येत राहिली, हे सांगते रिटेन्शनचे कोहोर्ट विश्लेषण. ते करणाऱ्या टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये काय आलेच पाहिजे, ते आज पाहू.

कोहोर्ट म्हणजे एकाच काळात दाखल झालेल्यांची तुकडी. जानेवारीत आलेल्यांची एक, फेब्रुवारीत आलेल्यांची दुसरी. प्रत्येक तुकडीतले किती जण पुढच्या प्रत्येक महिन्यात परत आले, हे वेगवेगळे मोजायचे. एकूण वापरकर्त्यांच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. जाहिरातीच्या जोरावर नवे लोक येत राहिले, तर जुने निघून चालले आहेत हे त्या आकड्यात दिसतच नाही.

ही पद्धत सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतले साथरोगतज्ज्ञ वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांचा क्षयरोगावरचा निबंध त्यांच्या निधनानंतर, 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या 1930 च्या मृत्यूंचे आकडे वयानुसार मांडले, की क्षयाचा धोका उतारवयात वाढतो असे वाटे. फ्रॉस्ट यांनी जुन्या दशकांचे आकडे घेऊन एकेका पिढीचा जन्मापासून माग काढला. तेव्हा दिसले, की 1930 मध्ये म्हातारी असलेल्या पिढीने तरुणपणी त्याहून मोठा धोका सोसला होता. नोंदी त्याच होत्या. मांडणी बदलली आणि निष्कर्ष फिरला.

आपल्या टूलमध्येही नेमके हेच घडते. समजा, एका आठवड्यात पाच जणांनी ॲप घेतले. त्यानंतर ‘अ’ पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा तिन्ही आठवड्यांत आला. ‘ब’ पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात आला, ‘क’ फक्त तिसऱ्यात, ‘ड’ फक्त पहिल्यात. ‘इ’ पुन्हा फिरकलाच नाही. आता तिसऱ्या आठवड्याचे रिटेन्शन किती?

त्या आठवड्यात जे आले ते मोजले, तर अ, ब, क मिळून 60 टक्के. एकही आठवडा न चुकवता आलेले मोजले, तर एकटा अ, म्हणजे 20 टक्के. तोवर एकदा तरी परत आलेले मोजले, तर चौघे, म्हणजे 80 टक्के. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. गूगल ॲनालिटिक्स 4 मध्ये कोहोर्टचा तक्ता काढताना स्टँडर्ड, रोलिंग आणि क्युम्युलेटिव्ह असे तीन पर्याय दिसतात, ते याच तऱ्हेच्या फरकांसाठी. ॲम्प्लिट्यूडमध्ये आणखी एक पर्याय आहे : ‘त्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही’ परतलेले मोजणे. या हिशेबाने आपल्या उदाहरणातला दुसरा आठवडा 20 टक्क्यांवरून 60 वर जातो. शिवाय कोणी महिन्याभराने परतले, तरी मागचा आकडा बदलतो. गेल्या सोमवारचा अहवाल आज जुळत नाही म्हणून ग्राहक तक्रार करतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. ते डॉक्युमेंटेशनमध्ये आधीच लिहिलेले असावे.

म्हणून तक्ता कसा काढायचा हे सांगण्याआधी चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात.

एक, तुकडीत कोण धरायचा : खाते उघडणारा, की ॲप पहिल्यांदा उघडणारा? एकच माणूस मोबाइलवर आणि संगणकावर आला तर तो एक की दोन?

दोन, ‘परत आला’ म्हणजे काय केले? फोनने आपणहून पार्श्वभूमीत पाठवलेली नोंदही ‘परत आला’ म्हणून धरली, तर ज्याने ॲपकडे पाहिलेही नाही तो निष्ठावंत ठरतो.

तीन, दिवस कुठल्या घड्याळाचा? पुण्यातल्या कोणी 1 एप्रिलला पहाटे 2 वाजता खाते उघडले, तर यूटीसीप्रमाणे तेव्हा 31 मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि तो मार्चच्या तुकडीत जातो. आठवड्याचेही तसेच. आयएसओ 8601 चा आठवडा सोमवारी सुरू होतो, भिंतीवरच्या कॅलेंडरचा रविवारी.

चार, अपुरा काळ कसा दाखवायचा? चालू आठवडा संपायच्या आत त्याचा रकाना भरला, तर प्रत्येक तुकडीच्या शेवटी आकडा कोसळल्यासारखा दिसतो. असे रकाने वेगळ्या रंगात दाखवावेत आणि त्या रंगाचा अर्थ तक्त्याखालीच द्यावा.

याशिवाय वर दिले तसे पाच जणांचे उदाहरण प्रत्येक पर्यायासोबत द्या. वाचकाला ते कागदावर पडताळता आले पाहिजे. हजारो वापरकर्त्यांच्या रंगीत तक्त्याचे चित्र दिसायला छान असते, पण त्यातला आकडा कुठून आला हे त्यावरून कोणालाच तपासता येत नाही.

रिटेन्शनच्या आकड्यांवर माणसांचे पगार, जाहिरातीचे बजेट आणि कधी कधी अख्खे उत्पादन बंद करण्याचे निर्णय अवलंबून असतात. व्याख्या न लिहिता आकडा देणे हे डॉक्युमेंटेशनचे अपयशच मानावे. तुमच्या टूलचे पान आज उघडा आणि या चार प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात का ते तपासा. जे सापडणार नाही, ते याच आठवड्यात लिहून काढा.

(पुढील लेखात : आलेखांच्या खालच्या टिपा कशा लिहाव्यात)