ओवणारा हात

ॲक्रिलिकच्या दोन पारदर्शक पट्ट्या आहेत असे समजा. दोन्हींचे रासायनिक पृथक्करण केले तर कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण अगदी सारखे निघते. रेणूंची लांबीही सारखी. तरीही 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात सोडल्यावर एक पट्टी रबरासारखी लवू लागते आणि दुसरी काचेसारखी ताठच राहते. पहिलीची मऊ होण्याची सीमा सुमारे 50 अंश, दुसरीची सुमारे 130. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात ते बाजारी ॲक्रिलिक या दोहोंच्या मध्ये, 105 अंशांच्या आसपास येते. घटक तेच असताना 80 अंशांचे हे अंतर कुठून आले?

उत्तर मांडणीत आहे. ॲक्रिलिक, म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, ही हजारो सारख्या रेणूंची साखळी. तिच्यातल्या दर दुसऱ्या कार्बनवर दोन वेगळे गट लोंबत असतात, एक लहान, एक मोठा. आंब्याच्या पानांचे तोरण डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पानाला एक चकचकीत बाजू असते, एक फिकी. सगळी पाने चकचकीत बाजू पुढे करून ओवली तर ती आयसोटॅक्टिक साखळी. एक चकचकीत, एक फिकी असा क्रम पाळला तर सिंडिओटॅक्टिक. हाताला येईल तशी ओवली तर ॲटॅक्टिक. ही नावे रूढ झाली ती इटालियन रसायनज्ञ जुलिओ नाटा यांच्या पॉलिप्रॉपिलीनवरील संशोधनामुळे, आणि ती सुचवली त्यांच्या पत्नी रोझिता बेआती यांनी. त्या साहित्याच्या पदवीधर होत्या. ग्रीक भाषेतला ‘क्रम’ त्यांनी प्रयोगशाळेत आणला. नाटांना 1963 साली कार्ल झीग्लर यांच्यासह नोबेल मिळाले, तेव्हा हे शब्द जगभर रुळले होते.

एकदा ओवलेले पान मागाहून वळवता येत नाही. जे व्हायचे ते ओवतानाच. म्हणून सगळी मदार उत्प्रेरकावर.

1983 साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीचे ओवेन वेबस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी ओवण्याची एक नवी रीत जाहीर केली: ग्रुप ट्रान्सफर पॉलिमरायझेशन, गटांतर बहुवारिकीकरण म्हणू या. साखळीच्या टोकावर सिलिकॉनच्या गटाची टोपी असते. नवा रेणू जोडला गेला की टोपी जुन्या टोकावरून नव्या टोकावर सरकते, साखळी एका घराने वाढते आणि टोक पुढच्यासाठी जिवंत राहते. जुन्या ऋणायनी पद्धतीत याच कामासाठी उणे 78 अंशांची थंडी लागे. इथे खोलीचे तापमान पुरले. टोपी खरोखर टोकावरून टोकावर थेट जाते की मध्येच सुटून मोकळी होते, यावर पुढे बराच वाद झाला आणि फ्लोराइडसारख्या उत्प्रेरकांच्या बाबतीत कौल बहुतांशी ‘सुटते’ या बाजूला झुकला. नाव मात्र टिकले. विज्ञानात असे अनेकदा होते.

वेबस्टर यांच्याकडे उत्प्रेरकांची दोन घराणी होती. एक फ्लोराइड, बायफ्लोराइड यांचे. ते सिलिकॉनला धरतात आणि टोक मोकळे, आक्रमक करतात. त्यांची मात्रा अगदी चिमूटभर पुरते. दुसरे झिंक ब्रोमाइडसारख्या लेविस आम्लांचे. ते टोकाला हात लावत नाहीत, येणाऱ्या रेणूला पकडून त्याला जोडणीसाठी तयार करतात, आणि त्यांची मात्रा बरीच जास्त लागते. तोरणातली लागोपाठची तीन-तीन पाने तपासली की फरक दिसतो. फ्लोराइड घराण्यात, खोलीच्या तापमानाला, आलटून-पालटून मांडलेली त्रिके आणि अर्धवट क्रमाची त्रिके जवळजवळ बरोबरीने निघतात. लेविस आम्लात हे प्रमाण दोनास एक होते. थंडी वाढवली की फ्लोराइडवाल्यांचाही क्रम सुधारतो. पण सगळी पाने एकाच बाजूने ओवण्याचे काम दोघांनाही साधत नाही.

याचे कारण, माझ्या मते, या विषयाचा गाभा आहे. फ्लोराइड फक्त टोकापुरते पाहते, झिंक फक्त पाहुण्यापुरते. पान कोणत्या बाजूने येणार हे मग गटांच्या आपसातल्या दाटीवर सोडले जाते, आणि दाटीला आलटून-पालटून बसणे सोयीचे वाटते. क्रम हवा असेल तर टोक आणि पाहुणा दोघांनाही एकाच मुठीत धरणारा उत्प्रेरक हवा.

तो धातूंच्या संयुगांत सापडला. 1992 साली जपानमधील हाजिमे यासुदा यांनी दोन पंचकोनी कार्बनी कड्यांच्या चिमट्यात बसवलेला सॅमॅरियमचा अणू वापरला आणि उणे 95 अंशांना सुमारे 95 टक्के सिंडिओटॅक्टिक ॲक्रिलिक मिळवले. दोन घरे वाढलेली साखळी धातूशी आठ अणूंचे कडे करून बसते, हे त्यांनी स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रातून दाखवले. सिलिकॉनची जागा आता धातूने घेतली होती. पद्धत तीच म्हणून या शाखेलाही गटांतराचेच नाव मिळाले.

पण यासुदांचा चिमटा दोन्ही बाजूंनी सारखा होता. डावे-उजवे अजून साखळीचे टोकच ठरवत होते. 1995 साली टोबिन मार्क्स यांच्या गटाने चिमट्यालाच हात दिला. त्यांनी कड्यावर मेंथॉलच्या कुळातला गट बसवला, म्हणजे पुदिन्याला गारवा देणाऱ्या द्रव्याचाच आप्त. निओमेंथिल गट असेल तर साखळी आयसोटॅक्टिककडे झुकते, मेंथिल असेल तर सिंडिओटॅक्टिककडे. या दोन गटांत एका कार्बनवरच्या दिशेचा तेवढा फरक! पुढे यूजीन चेन यांनी झिर्कोनियमच्या असममित चिमट्याने खोलीच्या तापमानालाच नव्वद टक्क्यांहून अधिक आयसोटॅक्टिक साखळ्या ओवल्या. टोक कसेही बसलेले असो, चिमट्याच्या खाचेत पुढचे पान एकाच बाजूने शिरते.

कारखान्यात मात्र वेबस्टर यांची साधी रीतच पोचली. तिने केलेल्या साखळ्या इंकजेटच्या शाईत रंगकण तरंगते ठेवतात, आणि त्या कामाला पानांच्या बाजूंशी देणेघेणे नाही. चिमटेवाले उत्प्रेरक ओलाव्याने व हवेने लगेच मरतात, महागही पडतात. तरी क्रमाचे एक नवल सांगायला हवे. आयसोटॅक्टिक आणि सिंडिओटॅक्टिक साखळ्या योग्य द्रावकात एकत्र केल्या तर त्या एकमेकींना शोधून वेढे घालतात, एकीला दोन या प्रमाणात, आणि पातळ द्रावण घट्ट जेल होऊन बसते. ॲटॅक्टिक साखळीला हे जमत नाही.