ढोलीतला काडीकिडा

पावसाळ्यात एखादं मूल काडीकिडा हातावर घेऊन वर्गात येतं आणि ठरवलेला धडा बाजूला राहतो. ‘शत्रूला तो काडीच वाटतो, म्हणून वाचतो,’ असं आपण सांगतो. पण लपणारा नेहमीच वाचतो का?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर, भर समुद्रात लॉर्ड हाऊ नावाचं छोटं बेट आहे. तिथला काडीकिडा काडीसारखा दिसतच नाही. तो काळा, जाडजूड, बिनपंखी आणि १५ सेंटीमीटरपर्यंत लांब असतो. पिल्लं हिरवी असतात व दिवसा पानांत वावरतात. मोठे किडे मात्र दिवसभर झाडांच्या ढोलीत बसतात आणि रात्री पाला खायला निघतात. दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांपासून एवढा बचाव पुरेसा होता. वटवाघळं सोडली तर बेटावर मूळचा सस्तन प्राणीच नव्हता.

१९१८ साली ‘मकाम्बो’ हे जहाज इथे उथळ पाण्यात रुतलं आणि त्यावरचे उंदीर बेटावर आले. उंदीर रात्रीच हिंडतो, वासावरून माग काढतो, ढोलीतही शिरतो. म्हणजे किड्याचा सगळा बचाव निकामी! काही वर्षांतच बेटावर एकही काडीकिडा उरला नाही.

बेटापासून २३ किलोमीटरवर बॉल्स पिरॅमिड हा ५०० मीटरहून उंच सुळका समुद्रातून वर आला आहे. तिथे उंदीर पोचले नव्हते. १९६४ साली गिर्यारोहकांना तिथे एक मेलेला किडा मिळाला. २००१ साली शास्त्रज्ञांना एका झुडपाखाली मोठ्या लेंड्या दिसल्या. रात्री ते विजेरी घेऊन पुन्हा चढले, तेव्हा त्याच झुडपावर जिवंत किडे होते! २००३ साली आणलेल्या एका जोडीपासून मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात हजारो किडे वाढले.

पण हे तेच किडे कशावरून? जुन्या नमुन्यांहून ते थोडे वेगळे दिसत. संग्रहालयात जपलेल्या त्या नमुन्यांचा डीएनए २०१७ साली ताडून पाहिला, तेव्हा जात एकच ठरली. २०१९ साली बेटावर उंदीर संपवण्याची मोहीम झाली. २०२१ साली पुन्हा उंदीर दिसले आणि शोध परत सुरू करावा लागला.

पुढच्या वेळी काडीकिडा वर्गात आला, की आपण मुलांना विचारू या : याला कोण खात असेल? तो याला केव्हा आणि कशाच्या आधारे शोधत असेल? मग किडा त्याच्या झाडावर परत ठेवून येऊ.