तुपाचा वास दुधात नसतो

चीन देशातील ऊलाँग चहा ज्या झाडाच्या पानांचा होतो त्याच झाडाच्या पानांचे हिरवा व काळा हे चहाही होतात. भेद पडतो तो पाने सुकविणे, चोळणे आणि भाजणे यांत. आमच्या शेतकरी बंधूंच्या घरी तुपाच्या बाबतीत हाच प्रकार नित्य घडत असतो. परंतु तिकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

जोगेश्वरीस म्हशींचे तबेले आहेत, व शेजारीच गोरेगावास १९४९ साली आरे दुग्धवसाहत वसली. शहराच्या इतक्या निकट दूध दूध म्हणूनच खपते. तथापि उरलेल्या दुधाचे काय करावे हा प्रश्न लहान धन्यासही सुटत नाही. अशा वेळी मलई काढण्याच्या यंत्राकडे मन ओढ घेते. यंत्राची मलई थेट कढविली तर तूप भराभर होते, मात्र गिऱ्हाईक ते हुंगून खाली ठेवते. असे का व्हावे?

कारण उघड आहे. तुपाचा वास दुधात तयार नसतो, तो घडवावा लागतो. विरजणातील जीवाणू दुधातील साखरेचे आम्ल करतात, आणि त्यांतील काही जाती सायट्रेटपासून डायॲसिटिल नावाचे द्रव्य निर्माण करतात. ताज्या लोण्याचा घमघमाट मुख्यत्वे याचाच होय. कढविताना त्यातील बरेचसे उडून जाते हे खरे. पण आंबलेल्या लोण्यातील इतर द्रव्ये मागे राहतात व पुढील कामास उपयोगी पडतात.

ते पुढील काम कढईत चालते. लोण्यात पाणी आहे तोवर उष्णमान १०० अंशांच्या आसपास अडून राहते, आणि तडतड ऐकू येते. तडतड थांबली की पारा झपाट्याने चढतो. याच घटकेत बेरीतील प्रथिने व साखर एकमेकांशी मिळून तांबूस होतात, आणि स्निग्धांशातून लॅक्टोन व कीटोन या वर्गांतील सुवासिक द्रव्ये सुटतात. सुमारे ११० ते १२० अंशांवर उतरविलेले तूप खमंग लागते. त्याआधी उतरविले तर ते कच्चे राहते, आणि विलंब झाला तर जळका वास येतो. ठिणगीएवढ्या दुर्लक्षाने दिवसाचे दूध वाया जाते! घरच्या बायका कढईत विड्याचे पान टाकतात. त्यातील द्रव्ये तूप लवकर खवट होऊ देत नाहीत. बेरी गाळण्यापूर्वी थोडा वेळ गरम तुपात राहू द्यावी, तिच्यामुळेही तूप टिकते.

आमची नोकरी महसुली दप्तरात गेली, म्हणून जमेच्या रकान्याशेजारी खर्चाचा रकाना मांडल्याविना आम्हांस चैन पडत नाही. विरजणाच्या वाटेने दुधातील स्निग्धांशाचा बराच भाग ताकात जातो, दहांपैकी सुमारे आठच भाग हाती येतात. यंत्राच्या वाटेने नऊ अथवा अधिक. एका वाटेने माल जातो, दुसरीने वास.

आमचे मत असे की, यंत्राने मलई काढावी, पण ती कढविण्याआधी तापवून, कोमट करून तिला ताजे विरजण लावावे व रात्रभर ठेवून मग घुसळावी. मलई चार चार दिवस साठवून आपोआप आंबू देऊ नये. तो आंबटपणा निराळा, त्यातून खवटपणाच पदरात पडतो. तूप गाळल्यावर बरणी गार पाण्यात ठेवू नये. हळूहळू निवू दिल्यास ते रवाळ होते, आणि गिऱ्हाईक हुंगण्याआधी रवाच पाहते.