अन्नाची राखण

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेले दिवेआगर हे समुद्रकाठचे गाव आहे. येथे येणारे प्रवासी घरगुती खानावळींत उकडीच्या मोदकांचा आस्वाद घेतात. पानावर बसलेला पाहुणा स्वयंपाकघरात डोकावत नाही. रांधणाऱ्यावर त्याचा विश्वास असतो. हा विश्वास राखावयाचा कसा?

शिळे अन्न, अस्वच्छ पाणी आणि नफ्यासाठी केलेली भेसळ यांपासून होणारा अपाय आपणांस ठाऊक आहे. परंतु द्वेषाने अन्नात विष कालविणे हे संकट निराळेच होय. २०१८ च्या जून महिन्यात याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील महड या गावी, वास्तुशांतीच्या जेवणात कीटकनाशक मिसळले गेले. पाच जण प्राणास मुकले. त्यांत लहान मुलेही होती. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९८४ साली एका पंथाच्या काही अनुयायांनी दहा उपाहारगृहांतील खाद्यपदार्थांत रोगजंतू मिसळले, तेव्हा ७५१ माणसे आजारी पडली.

असे कृत्य क्वचितच घडते. पण घडल्यावर औषधोपचार करण्यापेक्षा ते घडू न देणे अधिक श्रेयस्कर. म्हणून अन्नाच्या धंद्यातील कामगारांना शिकविण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पाच सूत्रे सांगितली आहेत. ठरलेले नियम पाळावेत. कामाची जागा व तिचा परिसर तपासावा. नेहमीपेक्षा वेगळे काही दिसल्यास ते ओळखावे. सर्व साहित्य सुरक्षित ठेवावे. आणि शंका येताच वरिष्ठांस सांगावे.

ही सूत्रे मोठ्या कारखान्याप्रमाणेच लहान खानावळीसही लागू पडतात. पिठाच्या डब्याचे झाकण घट्ट असावे. पाण्याच्या टाकीस कुलूप असावे. वाडीत फवारावयाचे औषध स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नये. शिजलेले अन्न राखणीवाचून उघडे टाकू नये. मालाच्या पिशवीची शिवण उसवलेली दिसल्यास तो माल वापरू नये. अनोळखी मनुष्य चुलीपाशी आल्यास त्यास नम्रपणे बाहेर बसवावे.

याचा अर्थ प्रत्येकाकडे संशयाने पाहावे असा नव्हे. दाराला कडी घालणारा मनुष्य शेजाऱ्याला चोर समजत नसतो. येथे खरा पहारेकरी असतो तो भांडी घासणारा मुलगा, भाजी चिरणारी बाई, पाणी भरणारा गडी. वेगळे काही प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते. म्हणून त्यांना शिकविले पाहिजे आणि त्यांचे म्हणणे मालकाने आदराने ऐकून घेतले पाहिजे. त्यांच्या जागरूकतेवरच पानावर बसलेल्या पाहुण्याचे प्राण अवलंबून असतात.