रोजगार हमी योजना
रोजगार हमी योजना : ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अकुशल अंगमेहनतीच्या कामाची मागणी केल्यास तिला ते ठरलेल्या मुदतीत पुरविण्याचे, आणि न पुरविल्यास बेकारी भत्ता देण्याचे शासनाने कायद्याने पत्करलेले दायित्व व त्यासाठी उभारलेली यंत्रणा. भारतात अशी योजना प्रथम महाराष्ट्र राज्याने १९७२ मध्ये सुरू केली. दुष्काळी कामे आणि ही योजना यांत मूलभूत भेद आहे. दुष्काळी कामे शासनाने टंचाई जाहीर केल्यानंतर निघतात; हमी योजनेत मजुराची मागणी हीच काम सुरू करण्यास पुरेशी मानली आहे. योजनेचे यशापयश मुख्यत्वे या एका तत्त्वाच्या पालनावर अवलंबून राहिले आहे.

पार्श्वभूमी : भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाचा हक्क उपलब्ध करून द्यावा, असे म्हटले आहे. तथापि हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. त्याला व्यवहार्य रूप देण्याची कल्पना महाराष्ट्र विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडली. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रारंभिक प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत १ मे १९७२ रोजी योजना राज्यात सुरू झाली; परंतु त्याच सुमारास तीव्र दुष्काळ पडल्याने सर्व यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळवावी लागली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या सु. ५० लाखांवर गेली होती. एवढ्या मोठ्या जनसमूहाला थोड्या अवधीत काम देता येते, हा अनुभव त्यातून प्रशासनाला मिळाला व पुढे तो योजनेच्या उपयोगी पडला.

अधिनियम व अर्थव्यवस्था : महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्यानुसार १८ वर्षांवरील व्यक्तीने मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम देणे बंधनकारक झाले. मजुरी कामाच्या मोजमापावर ठरे व स्त्री-पुरुषांना दर समान असत. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर यांची सोय करणे अपेक्षित होते. मजुरीवरील व साहित्यावरील खर्चाचे प्रमाण ६०:४० असे ठरविण्यात आले.

योजनेसाठी स्वतंत्र रोजगार हमी निधी उभारण्यात आला. व्यवसाय कर हे त्याचे प्रमुख साधन होय. त्याच्या जोडीला मोटारवाहने, बागायती जमिनी, नागरी क्षेत्रातील अनिवासी इमारती इत्यादींवरील कर व उपकर बसविण्यात आले आणि त्यांच्या उत्पन्नाइतकी रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. अशा रीतीने शहरातील पगारदार व व्यापारी वर्गाच्या करातून खेड्यातील भूमिहीनाच्या मजुरीची तरतूद झाली.

मजुरीवाढ व तिचे परिणाम : १९८८ मध्ये किमान वेतनात जवळजवळ दुपटीने वाढ झाली व तीनुसार योजनेचे दरही वाढले. त्यानंतर कामावरील उपस्थिती मोठ्या प्रमाणावर घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाढीव मजुरीनंतर काम मागणाऱ्या सर्वांना काम न देता त्याचे एक प्रकारे नियंत्रित वाटप झाले, असे दाखवून दिले. खर्चाला मर्यादा पडली की नवी कामे सुरू करणे लांबते आणि हमी शिथिल होते, हा दोष त्यामुळे प्रथमच स्पष्ट झाला. याच सुमारास वैयक्तिक विहिरी व १९९० पासून फळबाग लागवड यांचाही योजनेशी संबंध जोडण्यात आला.

वनप्रधान जिल्ह्यांतील स्वरूप : योजनेची मूळ आखणी पर्जन्यछायेतील दुष्काळी तालुके नजरेसमोर ठेवून झाली होती. चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग) या जिल्ह्यांत बेकारीचे कारण निराळे आहे. वैनगंगेच्या काठी वसलेल्या ब्रह्मपुरी तालुक्यात पाऊस सहसा भरपूर पडतो. तेथील प्रश्न एकाच पिकाचा आहे. धानाच्या रोवणीच्या व कापणीच्या दिवसांत मजूर अपुरे पडतात. मळणी आटोपली की बहुतेक भूमिहीनांना व अल्पभूधारकांना काम उरत नाही. मार्च-एप्रिलमधील मोहफुले आणि एप्रिल-मेमधील तेंदूपाने यांच्या संकलनाने थोडा आधार मिळतो, परंतु तेंदूचा हंगाम अल्पकाळ टिकतो. उरलेल्या काळात अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. त्यांच्याबरोबर मुलेही गेल्याने शाळा सुटते. येथे हमीची कसोटी दुष्काळी वर्षी लागत नाही. ती दरवर्षी पौषापासून चैत्रापर्यंतच्या महिन्यांत लागते.

या भागाला साजेशी कामेही वेगळी आहेत. माजी मालगुजारी तलावांचा (मामा तलावांचा) गाळ काढणे व त्यांच्या पाळी दुरुस्त करणे, शेतातील बोड्या खोदणे, चढउताराच्या जमिनीवर बांध घालून धानाच्या बांध्या तयार करणे (मजगी) आणि पांदण रस्ते बांधणे ही त्यांपैकी प्रमुख होत. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाल्यावर हे तलाव शासनाकडे आले, परंतु त्यांची पूर्वीची देखभाल खंडित झाली. त्यांची दुरुस्ती मजुराला काम देते आणि पावसाने ऐनवेळी दडी मारल्यास धान वाचविते. म्हणून मजूर व शेतकरी या दोघांचेही हित तीत साधते. वनजमिनीवर मात्र रस्ते, तलाव यांसारखी कामे करण्यास वन (संवर्धन) अधिनियम, १९८० अन्वये केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागत असल्याने अनेक गावांत कामांची निवड मर्यादित झाली. ब्रह्मपुरी वनविभागात वाघांची संख्या मोठी असून सरपण व वनोपज गोळा करताना माणसे दगावण्याचे प्रसंग घडतात. गावालगत मिळणाऱ्या कामाचे मोल त्यामुळेही वाढते.

राष्ट्रीय धोरण : केंद्र शासनाने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रम (१९८०), ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रम (१९८३), जवाहर रोजगार योजना (१९८९) व रोजगार आश्वासन योजना (१९९३) राबविल्या. या सर्वांत मंजूर निधीपुरतेच काम मिळे. मजुराला हक्क नव्हता. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने महाराष्ट्राचे तत्त्व देशव्यापी केले. २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील २०० जिल्ह्यांत तो लागू झाला. महाराष्ट्रातील पहिल्या १२ जिल्ह्यांत चंद्रपूर व गडचिरोली यांचा समावेश होता. १ एप्रिल २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला व २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. त्याने प्रत्येक कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. महाराष्ट्रात त्यापुढील दिवसांचा भार राज्याने स्वीकारला. लाभार्थींत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, काम शक्यतो पाच किमी.च्या आत मिळावे आणि ग्रामसभेने सामाजिक लेखापरीक्षण करावे, अशा तरतुदी त्यात होत्या. वनहक्क अधिनियम, २००६ खाली मिळालेल्या जमिनीखेरीज अन्य खाजगी मालमत्ता नसलेल्या वनक्षेत्रातील अनुसूचित जमातींच्या कुटुंबांसाठी २०१४ मध्ये ही मर्यादा १५० दिवस करण्यात आली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या अधिनियमाच्या जागी विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी मिशन (ग्रामीण) अधिनियम संमत केला. त्यात हमीचे दिवस १२५ करण्यात आले. मात्र बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्य यांच्यातील खर्चाचे प्रमाण ६०:४० ठरविण्यात आले आणि राज्यनिहाय नियतव्ययापेक्षा अधिक होणारा खर्च राज्यावर टाकण्यात आला. पेरणी व कापणीच्या हंगामांत वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याचीही तरतूद त्यात आहे. धानाच्या प्रदेशात रोवणीच्या वेळी मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार त्यामुळे दूर होऊ शकेल. त्याच वेळी हंगामात मजुरी ठरविताना मजुराच्या हाती असलेला पर्याय कमी होईल, असा आक्षेपही घेण्यात आला आहे.

मूल्यमापन : योजनेने कोरडवाहू भागात मृद्‌संधारण, पाझर तलाव व रस्ते यांची मोठी कामे उभी केली आणि स्त्रियांना गावातच समान दराने मजुरी मिळवून दिली. खोटी हजेरीपत्रके, मोजमापातील विलंब, अपूर्ण राहिलेली कामे व उशिरा मिळणारी मजुरी हे तिचे वारंवार दाखविले गेलेले दोष होत. बँक खात्यांतून मजुरी देण्याच्या पद्धतीने पहिल्या दोषाला काही प्रमाणात आळा बसला. विलंबाचा प्रश्न मात्र सुटला नाही. सर्वांत गंभीर दोष फारसा दिसून येत नाही. मजुराने तोंडी काम मागितले व त्याला दिनांकित पोच मिळाली नाही, तर कागदोपत्री मागणीच निर्माण होत नाही. मुदत सुरू होत नाही आणि भत्त्याचाही प्रश्न उद्‌भवत नाही. परिणामी जेथे मागणीची नोंद कमी, तेथे गरजच कमी आहे, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. लिहिता-वाचता न येणारे, दूरच्या पाड्यांवर राहणारे व हंगामी स्थलांतर करणारे मजूर यांना याचा सर्वाधिक फटका बसतो. मागणीची पोच हा वरवर किरकोळ दिसणारा कागदच हमी योजना व नेहमीची सरकारी कामे यांतील भेद टिकवून धरतो.