पाप एक, शब्द तीन

आपण ‘पाप’ म्हणतो आणि मोकळे होतो. बायबलच्या जुन्या करारातली हिब्रू भाषा मात्र इतकी घाई करीत नाही. पापासाठी तिच्यापाशी निदान तीन मापे आहेत.

पहिले ‘खेट’. ‘शास्ते’ या ग्रंथात ७०० डावखुऱ्या वीरांची गोष्ट आहे. गोफणीने केसावर धोंडा मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे! तेथे ‘चुकणे’ या अर्थी आलेला धातूच ‘खेट’च्या मुळाशी आहे. आपल्याकडेही नेम चुकतो आणि हातून चूकही होते, नाही का?

दुसरे ‘आवोन’. याचे नाते वाकडे होण्याशी. येथे हात चुकलेला नसतो, मनच वाकडे झालेले असते.

तिसरे ‘पेशअ’, म्हणजे उघड बंड. अहाब राजाच्या मृत्यूनंतर मवाब देश इस्राएलावर उलटला, तेथे हाच धातू योजला आहे.

मग प्रायश्चित्ताच्या दिवशी आधी काय कबूल करायचे? ‘लेवीय’ ग्रंथाच्या १६ व्या अध्यायात चूक शेवटी येते, आणि रब्बी मेईर तोच क्रम धरीत. पण तालमुदातल्या इतर पंडितांनी विचारले : बंड कबूल केल्यावर नकळत घडलेल्या चुकीची ती काय मातब्बरी? त्यांच्या मते आधी चूक, मग वाकडेपणा, शेवटी बंड. यहुदी प्रार्थनेत हाच चढता क्रम रूढ झाला.

हा निव्वळ शब्दांचा कीस नव्हे. ज्याचा नुसता नेम चुकला त्याला बंडखोर ठरवू नये. आणि बंडखोरानेही ‘चूक झाली हो’ एवढे म्हणून सुटू नये!