नदीचा प्राणवायू आणि नगराचे सांडपाणी

वाहती नदी आपल्यात मिसळलेली घाण काही अंशी स्वतःच नाहीशी करते, हा अनुभव जुना आहे. पाण्यातील जीवाणू सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करतात. त्यासाठी लागणारा प्राणवायू ते पाण्यातूनच घेतात आणि त्याची भरपाई नदी हवेतून करून घेते. या खर्चाचा व भरपाईचा गणिती संबंध अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासावरून स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ मध्ये मांडला. खर्च भरपाईहून अधिक झाला की प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि पाण्यास दुर्गंधी येते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे कार्य समजण्यासाठी प्रथम हा ताळेबंद ध्यानात घेतला पाहिजे.

या दृष्टीने कोल्हापूरचे उदाहरण उद्बोधक आहे. भोगावती, तुळशी, कुंभी व कासारी यांच्या प्रवाहांतून बनलेली पंचगंगा नगराला लागून वाहते आणि पुढे नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. जयंती नाल्यातून वाहणारे सांडपाणी नदीत जाण्यापूर्वी अडवून, उपसून, कसबा बावडा येथील केंद्राकडे नेले जाते. या केंद्राची क्षमता प्रतिदिनी ७ कोटी ६० लक्ष लिटर आहे.

सांडपाण्याची जैवरासायनिक प्राणवायू-मागणी लिटरमागे २०० मिलिग्रॅम मानली, तर एवढ्या सांडपाण्याची मागणी रोज सुमारे १५ टन होते. उन्हाळ्यात नदीच्या एक लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. माशांसाठी त्यातील निदान ४ मिलिग्रॅम शिल्लक राहावा लागतो. म्हणजे हवेतून वाटेत होणारी भरपाई सोडून दिल्यास, ही मागणी पुरविण्यास सांडपाण्याच्या पन्नासपट स्वच्छ पाणी हवे. शुद्धीकरणाने मागणी २० मिलिग्रॅमवर आणली, तर पाचपट पाणी पुरते.

ही घट साधण्यासाठी केंद्रात निसर्गाहून निराळी अशी कोणतीही क्रिया घडत नाही. जाळ्यांनी तरंगता कचरा व संथ प्रवाहाच्या कुंडात वाळू वेगळी केल्यावर सांडपाण्यात हवा सोडली जाते, आणि नदीत जे जीवाणू काम करतात त्यांच्यासारखेच जीवाणू येथेही काम करतात. भेद आहे तो त्यांच्या संख्येत. तळाशी बसलेला जीवाणूयुक्त गाळ फेकून न देता पुनःपुन्हा वापरल्यास अनेक आठवड्यांचे काम काही तासांत होते, हे मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ मध्ये दाखविले. हीच सक्रियित गाळाची पद्धती होय. मात्र सेंद्रिय द्रव्याचा मोठा अंश जीवाणूंच्या शरीरांतच साठत असल्यामुळे वाढीव गाळ वेळोवेळी काढून, कुजवून वा वाळवून त्याची वाट लावावी लागते. तो नदीत गेल्यास टळलेली मागणी पुन्हा नदीवरच पडते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. नत्र व स्फुरद यांचा बराच अंश पाण्यात राहू शकतो आणि तो जलपर्णीस पोषक ठरतो. रोगजंतूंचा पूर्ण नाश होण्यासाठी क्लोरिनसारख्या स्वतंत्र उपायाची आवश्यकता असते. शिवाय पंचगंगेवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. शेतीला ते उपकारक असले, तरी त्यांच्यामागे संथ झालेले पाणी हवेतून प्राणवायू सावकाश घेते. म्हणून उन्हाळ्यात नदीची सहनशक्ती सर्वांत कमी असते.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट केंद्राबाहेर घडते. समजा, उपसा पंप बंद पडल्याने वा नाला भरून वाहिल्याने एक दशांश सांडपाणी थेट नदीत गेले. वरील हिशेबाप्रमाणे त्या एका भागाची मागणी सुमारे दीड टन होते. शुद्ध केलेल्या उरलेल्या नऊ भागांची मागणीही जवळजवळ तितकीच, म्हणजे सुमारे १.४ टन असते. अर्थात दहातील एक भाग निसटताच नदीवरील भार जवळजवळ दुप्पट होतो. खाली इचलकरंजीपासून शिरोळपर्यंतच्या नदीकाठाला हा भार सोसावा लागतो. यास्तव केंद्राची कार्यक्षमता केवळ त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या नमुन्यावरून ठरविणे अपुरे आहे. नगरातील किती सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचते, याचे मापन त्या नमुन्याइतकेच नियमितपणे झाले पाहिजे.